मजकूर आणि चित्रे एकाच पानावर असतील, तर स्कॅन कसे करावे आणि साठवावे कसे?

आपला प्रश्न मी समजलो तो असा. सुमारे तीन हजार पाने आहेत. बहुतेकांवर छापील मजकूर आहे, बऱ्याच पानांवर छायाचित्रे आहेत, काहींवर रेखाचित्रे व तक्ते आहेत आणि अधूनमधून समासात रंगीत शाईने केलेल्या नोंदी आहेत. ती सर्व पाने आपण ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० बिंदू घेऊन) रंगीत जेपेग म्हणून स्कॅन केली, तेव्हा प्रत्येक पान ३ एमबीच्या घरात गेले आणि एकूण साठा ९ जीबी झाला. जेपेगची गुणवत्ता उतरवून पाहिली तर अक्षरांभोवती धुरकट कडी दिसू लागली. कृष्णधवल, म्हणजे मधल्या छटा काढून फक्त काळे आणि पांढरे, करून पाहिले तर फाइल लहान झाली, पण छायाचित्रांच्या जागी काळे डाग उरले. म्हणून आपण विचारता की या कामासाठी सर्वांत चांगला फॉरमॅट कोणता.

माझ्या मते अडचण फॉरमॅटची नाही. एकाच पानावर दोन विरुद्ध स्वभावाच्या गोष्टी राहतात, ही खरी अडचण आहे. अक्षराला रेखीव कड हवी असते, छटांशी त्याला कर्तव्य नसते. छायाचित्राला छटा हव्या असतात, पण केसाएवढ्या बारीक कडेवाचून त्याचे फारसे अडत नाही. संपूर्ण पानाला एकच नियम लावला की दोघांपैकी एकावर अन्याय होतो, आणि आपण केलेल्या दोन्ही प्रयोगांत नेमके तेच झाले. त्यामुळे पानावरचा कोणता भाग कशा प्रकारचा आहे हे आधी ठरवावे लागते, फॉरमॅट त्यानंतर येतो.

पुढे जाण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे की काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मूळ कागद आपल्याकडेच राहणार असतील तर स्कॅनमध्ये थोडी तडजोड चालते, कारण चूक झालीच तर पुन्हा स्कॅन करता येते. कागद परत द्यायचे किंवा नष्ट व्हायचे असतील तर मूळ स्कॅनमध्ये तडजोड करू नये. कागदपत्रांना पुरावा म्हणून मूल्य असेल तर पान ‘स्वच्छ’ करण्याचा मोह आवरावा, कारण डाग, शिक्का आणि खाडाखोड हाही पुराव्याचाच भाग असतो. आणि छायाचित्रे पानावर छापलेली आहेत की चिकटवलेली आहेत, यावरून त्यांची हाताळणी पूर्णपणे बदलते. मी येथे असे गृहीत धरतो की पाने ए४ आकाराची आहेत, छायाचित्रे छापील आहेत आणि उद्देश वाचण्याचा व शोधण्याचा आहे.

थोडा हिशेब करू. ए४ पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू तयार होतात. रंगीत पानात प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात, त्यामुळे संकोचन (फाइल आकाराने लहान करणे) न करता ते पान २६ एमबीचे होते. करड्या छटांत तेच पान ८.७ एमबीचे, आणि प्रत्येक बिंदू फक्त काळा किंवा पांढरा ठेवला तर १.१ एमबीचे. थोडक्यात, पहिला चोवीसपट फरक संकोचनाची कोणतीही युक्ती न वापरता, केवळ ‘या पानाला रंगाची गरज आहे का’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून मिळतो.

आता जेपेग अक्षरे का बिघडवतो ते पाहू. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातील सावकाश बदलणारा भाग नीट जपून झपाट्याने बदलणारा भाग टाकत जातो. आकाश, चेहरा, भिंत यांच्यासाठी ही उत्तम योजना आहे, कारण तेथे डोळ्याला फरक जाणवत नाही. अक्षराची कड मात्र म्हणजेच झपाट्याचा बदल: एका बिंदूवर कागद, पुढच्यावर शाई. तो बदल टाकला की त्याचे पडसाद संपूर्ण चौकोनात उमटतात, आणि आपल्याला दिसलेली धुरकट कडी ती हीच. शिवाय रंगीत जेपेगमध्ये बहुधा रंगाची माहिती उभ्या आणि आडव्या दिशेने निम्मी केलेली असते, म्हणून लाल शाईतील नोंदी काळ्या मजकुरापेक्षा आधी फिकट आणि अस्पष्ट होतात.

पीएनजीसारखे अक्षय, म्हणजे काहीही न गमावणारे, संकोचन वापरावे, तर तेथे वेगळीच गंमत होते. स्कॅनरला कागद पांढरा दिसत नाही; त्याला तंतू, सुरकुत्या, पिवळेपणा आणि स्वतःच्या संवेदकाचा खरखराट दिसतो. यातले काहीही गमावायचे नाही असे ठरवले की आपण प्रामुख्याने कागदच साठवत बसतो. मजकुराच्या पानावर शाईने व्यापलेला भाग लहान असतो आणि उरलेले सगळे बाइट कोऱ्या कागदावर खर्च होतात. ज्या वेळी मला हे उमगले, त्यानंतर मी गुणवत्तेच्या आकड्यांशी झगडणे सोडले आणि पार्श्वभूमी साफ करण्याकडे वळलो.

आपल्या जागी मी असतो तर पहिला दिवस संगणकावर पाने वर्गवारीने लावण्यात घालवला असता. लघुप्रतिमा पाहत गेल्यास तीन हजार पानांना काही तास पुरतात. निव्वळ मजकुराची पाने एकीकडे, पूर्ण पानभर चित्र असलेली दुसरीकडे आणि मिश्र पाने तिसरीकडे ठेवावीत. रेखाचित्रे आणि तक्ते मजकुरात धरावेत, कारण त्यांतही कडच महत्त्वाची असते. पेन्सिलीच्या छटा किंवा जलरंगासारखा पसरट भाग असलेली चित्रे मात्र छायाचित्रांत जातात. हे काम कंटाळवाणे आहे, पण फाइलच्या आकारातील बचत बहुतांशी येथेच ठरते.

निव्वळ मजकुराच्या पानांसाठी माझे उत्तर ठाम आहे: ६०० डीपीआय, कृष्णधवल आणि ग्रुप ४ किंवा जेबिग२ हे संकोचन. ग्रुप ४ हे मुळात फॅक्ससाठी १९८४ मध्ये प्रमाणित झालेले तंत्र असून ते एकही बिंदू गमावत नाही. ‘६०० डीपीआयला चौपट जागा लागेल’ ही भीती येथे खरी ठरत नाही, कारण हे तंत्र काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे कोठे होते तेवढीच ठिकाणे नोंदवते. डीपीआय दुप्पट केल्यावर ओळी दुप्पट होतात, पण प्रत्येक ओळीतील बदलांची संख्या जवळपास तीच राहते. म्हणून फाइल चौपट न होता साधारण दुपटीवर थांबते. माझ्या कामात असे पान ६० ते १०० केबीत बसते आणि छापून काढल्यास मूळ छपाईच्या जवळ जाते.

येथे आपल्याला एक दिलासा आहे. आपले स्कॅन ३०० डीपीआयचे असले तरी पुन्हा स्कॅन करण्याची गरज बहुधा पडणार नाही. अक्षराच्या कडेवरचा करडा बिंदू हे सांगत असतो की त्या ठिकाणी शाई किती अंशाने आली आहे. चित्र करड्या छटांत असतानाच दुप्पट मोठे केले आणि त्यानंतर कृष्णधवल केले, तर ती माहिती कडेच्या वळणात उतरते आणि अक्षर ३०० डीपीआयवर थेट कृष्णधवल केल्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत येते. अट एवढीच की मूळ जेपेग चांगल्या गुणवत्तेचे असावेत. गुणवत्ता उतरवलेल्या प्रतींवर हा प्रयोग करू नये, नाहीतर ती धुरकट कडीही कोरून ठेवली जाते.

कृष्णधवल करताना ‘किती गडद म्हणजे काळे’ ही सीमा ठरवावी लागते. संपूर्ण पानाला एकच सीमा लावणारी ओत्सूची पद्धत एकसारख्या प्रकाशातल्या स्वच्छ पानावर चांगली चालते. बांधणीच्या बाजूला सावली असेल किंवा कागद एका कडेने पिवळा पडला असेल, तर सभोवतालचा भाग पाहून प्रत्येक ठिकाणी वेगळी सीमा ठरवणारी सौवोलाची पद्धत घ्यावी. मागच्या पानावरचा मजकूर पुढे झिरपलेला दिसत असेल तर ते सॉफ्टवेअरवर सोपवण्यापेक्षा स्कॅन करतानाच पानामागे काळा कागद ठेवणे कैक पटींनी सोपे असते.

देवनागरीबाबत एक इशारा मला स्वतःच्या चुकीवरून द्यावासा वाटतो. स्कॅनच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पानावरचे बारीक ठिपके पुसण्याची सोय असते. रोमन लिपीत तिचा फटका पूर्णविरामांना आणि आय-जेच्या टिंबांना बसतो. आपल्याकडे मात्र ती थेट अनुस्वारांवर उठते. बारीक टाइपातील अनुस्वाराचा व्यास ०.४ मिलिमीटर धरला, तर ३०० डीपीआयवर तो जेमतेम पाच बिंदूंचा होतो, आणि ‘जास्त सफाई’ निवडली की तो धुळीच्या कणासारखाच पुसला जातो. मी एकदा सुमारे चारशे पाने अशी स्वच्छ केली आणि ती दिसायला इतकी नेटकी झाली की मला समाधानच वाटले. पुढे शोध घेताना शब्द सापडेनात, तेव्हा लक्षात आले की ‘चिंता’ची ‘चिता’ झाली आहे. मूळ स्कॅन जपलेले होते म्हणून निभावले. त्या दिवसापासून मी ठिपके पुसण्याची सोय सर्वांत सौम्य पातळीवर ठेवतो किंवा बंदच करतो; पानावर चार डाग राहिले तर राहोत.

आता मिश्र पाने, म्हणजे आपल्या प्रश्नाचा गाभा. येथे पानाचे थर करावे लागतात. या कल्पनेला मिश्र रास्टर आशय, संक्षेपाने एमआरसी, म्हणतात आणि तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९९ पासून उपलब्ध आहे. पानाचे तीन भाग कल्पावेत. पहिला भाग म्हणजे मुखवटा: केवळ काळा-पांढरा, ३०० ते ६०० डीपीआयचा, ज्यात अक्षरांचे आकार असतात. दुसरा भाग पार्श्वभूमी: छायाचित्रे आणि कागदाचा रंग, जे १०० ते २०० डीपीआयच्या जेपेगमध्ये भागते. तिसरा भाग शाईचा रंग सांगतो, आणि शाईचा रंग अक्षरागणिक बदलत नसल्यामुळे त्याला फारच कमी डीपीआय पुरतो. वाचताना मुखवट्याच्या आकारातून शाईचा रंग पार्श्वभूमीवर उमटतो. आपल्या समासातील लाल-निळ्या नोंदी टिकवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही: नोंदीचा आकार मुखवट्यात रेखीव राहतो आणि रंग त्या तिसऱ्या थरात चिमूटभर जागेत बसतो.

यातील एक बारकावा चांगल्या आणि वाईट सॉफ्टवेअरमधला फरक दाखवतो. अक्षरे मुखवट्यात गेल्यावर पार्श्वभूमीत त्यांच्या जागी काय ठेवायचे? ती तशीच राहू दिली तर जेपेगला पुन्हा तीक्ष्ण कडा सापडतात आणि सगळा लाभ वाया जातो. म्हणून त्या जागा आजूबाजूच्या कागदाच्या रंगाने भरून घ्याव्या लागतात, म्हणजे पार्श्वभूमी सपाट होते आणि मूठभर बाइटांत मावते. आपल्या सॉफ्टवेअरने हे केले आहे का, हे पीडीएफमधील प्रतिमा वेगळ्या काढून एकदा डोळ्यांनी पाहावे.

यासाठी वेगळ्या फाइल-प्रकाराची गरज नसते. पीडीएफच्या एका पानावर अनेक प्रतिमा एकावर एक ठेवता येतात आणि त्यांतील काळी-पांढरी प्रतिमा साच्यासारखी वापरता येते. पीडीएफ उघडणारे कोणतेही नेहमीचे सॉफ्टवेअर ती नीट दाखवते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत तयार झालेला देजाव्हू हा फॉरमॅट याच थरांवर उभा आहे आणि त्याच्या फाइली आजही हेवा वाटावा इतक्या लहान होतात. तरीही नव्या कामासाठी मी तो सुचवणार नाही, कारण तो उघडणारी सॉफ्टवेअरे कमी होत आहेत. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयानेही २०१६ मध्ये नव्या देजाव्हू फाइली बनवणे थांबवले.

पूर्ण एमआरसी करणारे साधन हाताशी नसेल तर स्कॅन टेलर या मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘मिश्र’ पद्धतीने बरेच काम होते. ते पानावरचे चित्रांचे भाग स्वतः ओळखते, ते छटांमध्ये ठेवते आणि उरलेले पान कृष्णधवल करते. त्याच्या ओळखीवर पूर्ण विसंबू नये. ज्या छायाचित्रात वरच्या बाजूला फिकट आकाश असते त्याचा तो भाग कागद समजून कापला जातो, आणि गडद रंगाच्या चौकटीतील मजकूर चित्रात ढकलला जातो. चौकटी हाताने दुरुस्त करण्याची सोय त्यात आहे आणि ती वापरावीच लागते. मला मिश्र पानागणिक अर्धा ते एक मिनिट लागतो.

छापील छायाचित्रांचा आणखी एक त्रास आपल्याला बहुधा दिसला असेल. छापील चित्र सलग छटांचे नसून ठिपक्यांच्या जाळीचे असते: वर्तमानपत्रात साधारण इंचाला ८५ ओळींची, चांगल्या कागदावरील मासिकात १३३ ते १५० ओळींची. स्कॅनरच्या बिंदूंची जाळी आणि ही जाळी एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात. त्यावर उपाय असा की ते पान ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठिपके एकमेकांत मिसळतील इतके चित्र पुसट करावे आणि मग ते १५० ते २०० डीपीआयवर आणावे. यात तपशील जातो ही शंका रास्त वाटेल, पण त्या जाळीपेक्षा बारीक तपशील छपाईतच उरलेला नसतो. ठिपके गेल्यामुळे जेपेगही लक्षणीय लहान होतो. पट्टे आलेली पाने मोजकीच असतील तर तेवढीच पुन्हा स्कॅन करावीत. चिकटवलेले मूळ छायाचित्र असेल तर मात्र ते स्वतंत्रपणे, जास्त डीपीआयवर आणि अक्षय फॉरमॅटमध्ये स्कॅन करावे. ते पानाचा भाग न समजता वेगळी वस्तू समजावी.

जेबिग२बद्दल सावध करणे आवश्यक आहे. या तंत्राच्या दोन तऱ्हा आहेत. अक्षय तऱ्हा निर्धास्त आहे. क्षयी तऱ्हा पानावरचे सारखे दिसणारे आकार शोधते आणि त्यांतला एकच साठवून सगळीकडे तोच वापरते. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की एका मोठ्या कंपनीची स्कॅन-यंत्रे याच तऱ्हेमुळे बांधकामाच्या नकाशातील आकडे बदलत होती: तीन वेगवेगळ्या खोल्यांचे क्षेत्रफळ प्रतीमध्ये एकसारखे, १४.१३ चौरस मीटर, उमटले. धोका हा की बदललेला आकडा अंधुक दिसत नाही, तो अगदी सुबक दिसतो, म्हणून नजरेला खटकत नाही. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक बारीक टाइपात किती थोडा असतो हे आपण जाणताच. म्हणून क्षयी तऱ्हा बंद आहे याची खात्री करून घ्यावी, आणि सॉफ्टवेअरमध्ये ते कळण्याची सोय नसेल तर सरळ ग्रुप ४ वापरावे. बचत थोडी कमी होते, इतकेच.

इथपर्यंतचा हिशेब एकत्र मांडतो. समजा आपल्याकडे निव्वळ मजकुराची २१०० पाने आहेत आणि ती सरासरी ८० केबीची झाली. मिश्र पाने ७५०, सरासरी २५० केबीची. आणि पूर्ण चित्रांची १५०, सरासरी ९०० केबीची. एकूण साठा अर्ध्या जीबीच्या आसपास येतो. आपले प्रमाण वेगळे असेल, पण ९ जीबीवरून अर्ध्या-पाऊण जीबीवर येणे ही माझ्या अनुभवात अपवादात्मक गोष्ट नाही, आणि मजकूर आधीपेक्षा स्पष्ट दिसतो तो वेगळाच.

मजकूर शोधता यावा यासाठी ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) करणार असाल, तर ते कृष्णधवल प्रतीवर न करता मूळ करड्या किंवा रंगीत स्कॅनवर करावे आणि मिळालेला मजकूर अंतिम पीडीएफमध्ये अदृश्य थर म्हणून बसवावा. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय आहे. पानावर इंग्रजी शब्द असतील तर दोन्ही भाषा एकाच वेळी निवडाव्यात. चुका राहतात, जोडाक्षरांत विशेष राहतात, पण शोधण्यापुरते काम होते. तोच मजकूर साध्या युनिकोड फाइलमध्येही ठेवावा. दोन हजार अक्षरचिन्हांच्या पानाला युटीएफ-८ मध्ये जेमतेम ६ केबी लागतात, आणि उद्या ओसीआर सुधारले तर ती फाइल बदलणे सर्वांत सोपे असते.

आता जपणुकीबद्दल. आपले मूळ ९ जीबी पुसू नयेत. संकोचित पीडीएफ ही वाचण्याची प्रत आहे, ती हजारदा नव्याने करता येते. मूळ स्कॅन ही आपली बियाण्याची कणगी आहे. ते जेपेग पुन्हा उघडून पुन्हा जेपेगमध्येच साठवू नयेत, कारण दर खेपेस थोडे नुकसान होते. पान फिरवायचे किंवा कापायचे असेल तर ते प्रतीवर करावे. वाचण्याच्या प्रतीसाठी पीडीएफ/ए निवडावा, जो २००५ पासून दीर्घकालीन जतनासाठीचे आयएसओ प्रमाण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत जेपेग २००० चालत नाही, २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत चालते. आपण साधा जेपेग वापरणार असाल तर दोन्ही चालतील.

तीन हजार पानांची एकच फाइल करू नये. मूळ दस्तऐवज जसे वेगळे आहेत तशाच फाइली कराव्यात आणि नावात आधी वर्ष, मग महिना, मग क्रमांक, आणि क्रमांकाआधी शून्ये असा क्रम ठेवावा, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. मूळ स्कॅनच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधील मजकुरावरून काढलेली ओळखखूण, जी फाइल जराही बदलली तर बदलते) काढून त्याची यादी प्रतींसोबत ठेवली, तर वर्षातून एकदा पडताळणी करताना कोणती फाइल खराब झाली हे नेमके कळते आणि चांगल्या प्रतीवरून ती भरून काढता येते.

सर्व पानांना हात घालण्यापूर्वी प्रत्येक गटातली दहा-दहा पाने घेऊन हा सगळा प्रवास एकदा पूर्ण करावा, आणि त्यांत मुद्दाम सर्वांत वाईट पाने निवडावीत: सर्वांत पिवळे, सर्वांत बारीक टाइपाचे, फिकट आकाशाचे छायाचित्र असलेले आणि लाल नोंदींचे. तयार झालेली पाने पडद्यावर चौपट मोठी करून मूळ स्कॅनशेजारी ठेवावीत, आणि अनुस्वार, रफार व तक्त्यातील आकडे बोट ठेवून तपासावेत. त्या तीस पानांचे आकार आणि जेथे बिघडले ती एक-दोन पाने आपण दाखवलीत, तर सीमा कोठे ठेवावी आणि पार्श्वभूमीला किती डीपीआय पुरेल हे मी अधिक नेमके सांगू शकेन.